कारण क्रमांक चौदा

"टायर नापास," खिडकीमागचा तपासनीस म्हणाला आणि त्याने कागदावर शिक्का मारला.

"कुठला?" धाकटीने विचारलं.

"चारही."

धाकटीने वळून बाहेर पाहिलं. तपासणीच्या खड्ड्यावर बाबांची निळी गाडी उभी होती आणि तिचे चारही टायर काळेभोर, टवटवीत दिसत होते. सकाळीच तिने ते ओल्या फडक्याने पुसले होते. बाकी गाडीबद्दल बोलायचं तर एक दिवा मिणमिणता होता, मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नव्हतं आणि वायपर प्रत्येक फेरीला कण्हत होता. ते सगळं पास झालं होतं.

"नक्षी बघितलीत का तुम्ही? कालच विकत आणल्यासारखी आहे."

"नक्षी पास आहे, मॅडम."

"मग?"

"टायर नापास आहेत."

धाकटी एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. ही दोन वाक्यं तिने मनातल्या मनात दोनदा वाचली. मधे कुठेतरी एक ओळ गळली आहे, याबद्दल तिला शंका उरली नाही. पण ती गळलेली ओळ विचारायच्या आत तपासनीस म्हणाला, "कारण लिहिलंय कागदावर. सात दिवसांत बदलून आणा. चला, पुढचे कोण?"

कारणाच्या रकान्यात '१४' असा आकडा होता. तिने कागद उलटला. मागे बारीक अक्षरांत कारणांची यादी छापली होती. पहिलं कारण 'नक्षी झिजलेली', दुसरं 'टायर फुगलेला', असं करत करत यादी बाराव्या कारणावर संपत होती आणि बारावं कारण होतं 'इतर'. 'इतर'च्याही पलीकडे आणखी दोन कारणं कोणती असू शकतात, हे विचारायला ती परत खिडकीशी गेली तेव्हा खिडकीला पडदा लागला होता आणि पडद्यामागून डबा उघडल्याचा आवाज येत होता.

ती गाडीत बसली. सीट अजून बाबांच्या मापावर, पार मागे होती. बाबा सहा फुटांना जरासेच कमी. धाकटीला ब्रेकपर्यंत पाय न्यायला जवळजवळ आडवं व्हावं लागे. बाबा गेल्यापासून चार महिने ती अशीच अर्धी झोपून गाडी चालवत होती. सीट पुढे घ्यायचा खटका कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं, असं ती सांगे.

घरी आई जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती.

"आई, गाडी नापास झाली."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिने पुढचा अभ्रा घेतला. "दादाचा फोन आला होता. त्याच्या ऑफिसातल्या कोणाला तरी जुनी गाडी हवीय. शनिवारी अकरा वाजता माणूस येणार बघायला."

"विकायची कशाला? नुसते टायर तर बदलायचेत!"

"ती गाडी माझी सवत होती. बारा वर्षं ह्यांनी तिला पुसलं, झाकलं, तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. मला काय मिळालं? बसचा पास. आता त्या सवतीला नवे बूट घ्यायचे म्हणतेस?"

यात खोटं काही नव्हतं. गाडी घेतली तेव्हा पहिली तीन वर्षं आई-बाबा खूप हिंडले होते. मग एकाएकी ते थांबलं. लग्नाला जायचं असो की दाताच्या डॉक्टरकडे, बाबा म्हणायचे, "बसने जाऊ. बसमध्ये चार माणसं भेटतात." मावशी डोंगरापलीकडे राहायची, तीन तासांच्या वाटेवर. तिच्याकडे गाडीने जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी बाबा आकाशाकडे बघून म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना आलाच नाही.

धाकटीने खुर्ची ओढली. "असं करू. शनिवारी सकाळी मी तुला मावशीकडे नेते. ह्याच गाडीतून. नाही जमलं तर अकरा वाजता त्या माणसाच्या हातात किल्ली दे. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

आईने इस्त्री उभी केली आणि लेकीकडे नीट पाहिलं. "तुझ्या बाबांसारखंच बोलतेस."

"मी आकाशाकडे बघितलं का?"

"नाही," आईने कबूल केलं. "बरं. शनिवार. अकराच्या आत."

त्या दिवशी सोमवार होता. पाच दिवसांत चार टायर निवडायचे यात अवघड काय, असं धाकटीला वाटलं. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला वाटतं तसंच: आधी थोडं वाचू, मग ठरवू.

तिने सुरुवात मूळ संहितेपासून केली. मंगळवारी सकाळी ती वही-पेन्सिल घेऊन गाडीपुढे उकिडवी बसली आणि टायरच्या कडेवरचा मजकूर उतरवून घेऊ लागली. टायरवर इतकं काही लिहिलेलं असतं याची तिला कल्पना नव्हती. मजकूर गोल होता, त्यामुळे तो सुरू कुठे होतो तेच कळेना. एकशे पंच्याण्णव, तिरकी रेघ, पंचावन्न, मग इंग्रजी आर, पंधरा. पुढे पंच्याऐंशी आणि व्ही. थोडं पुढे एक लंबगोल चौकट आणि तिच्यात चार आकडे. तिला तो पृष्ठक्रमांक असावा असं वाटलं. कुठेही पूर्णविराम नव्हता. टायरभोवती सरकत सरकत ती निम्म्यावर पोचली तेव्हा समोरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "काही हरवलंय का गं?"

"नाही, वाचतेय."

समोरच्या बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि आत गेल्या. चारच महिने झालेत, असं त्यांनी आत कोणाला तरी सांगितलेलं तिला ऐकू आलं.

शेवटी तिला ठळक अक्षरांत टायरचं नाव सापडलं: ऑल सीझन परफॉर्मन्स. ऑल सीझन ठीक. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याला एकच टायर. पण परफॉर्मन्स? तिने घरात येऊन शोधलं. परफॉर्मन्स टायर म्हणे वेगवान गाड्यांसाठी असतात. आणि त्या 'व्ही'चा अर्थ निघाला, की हा टायर ताशी दोनशे चाळीस किलोमीटर वेगाला मान्य आहे.

धाकटीने तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. बाबांनी जन्मात काटा चाळीसच्या पुढे नेला नव्हता. सायकलवाले त्यांना हात दाखवून पुढे जात. एकदा एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन त्यांच्या बरोबरीने चालत होती आणि दोघांच्या छान गप्पा झाल्या होत्या. अशा माणसाने दोनशे चाळीसचे टायर का घेतले असावेत? घरातल्या माणसाला पस्तीस वर्षं ओळखावं आणि तो गेल्यावर त्याच्या टायरवरून कळावं की आपल्याला काहीच माहीत नाही, याने ती जराशी गडबडली.

बुधवारी गडबड वाढली. ज्यांनी टायर वापरले त्यांचे अभिप्राय तिने वाचायला घेतले. एकाच टायरबद्दल एक जण म्हणत होता, मांजरासारखा आवाज न करता चालतो. दुसरा म्हणत होता, घरात विमान शिरल्यासारखं वाटतं. तिसऱ्याने चार तारे देऊन फक्त 'गोल आहे' असं लिहिलं होतं. हा एकच अभिप्राय तिला निर्विवाद वाटला. दादाने दूरच्या शहरातून मदत म्हणून छत्तीस टायरांचा तक्ता पाठवला. चौकटी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगवलेल्या होत्या.

"दादा, हिरवा म्हणजे चांगला ना?"

"ओल्या रस्त्याच्या रकान्यात हिरवा चांगला. आवाजाच्या रकान्यात उलटं आहे."

"का पण?"

"अगं, ते मी आधी केलं होतं. तू असं कर, गाडी विकूनच टाक. तक्ता असू दे जवळ."

टूरिंग, परफॉर्मन्स, हाय परफॉर्मन्स, अल्ट्रा हाय परफॉर्मन्स. त्यावर आणखी काही असेल तर ते रस्त्यावर चालत नसावं, असा तिने निष्कर्ष काढला. तिच्या वहीची अकरा पानं भरली होती आणि सोमवारी जेवढं कळत होतं त्यातलंही काही आता कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात शेजारचे घड्याळवाले काका. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, नेहमी इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. त्यांची गाडीही अशीच, ह्याच रंगाची. बाबांच्या आधी महिनाभर घेतलेली. हल्ली ती मेणकापडाखाली झाकलेली असे.

"समोरच्या वहिनी म्हणाल्या, तू टायर बदलायला निघालीस," काका चप्पल न काढताच म्हणाले.

"हो काका. नापास झालेत."

"टायर बदलता येणार नाहीत."

"का?"

"प्रयोग चालू आहे."

धाकटीने त्यांना आत घेतलं. काकांनी खिशातून एक व्हर्निअर काढला, काखेतून एक लांबट वही काढली आणि दोन्ही टेबलावर अशा बेताने ठेवलं की आईने तिथली इस्त्री मुकाट्याने उचलली.

"बारा वर्षांपूर्वी," काका सांगू लागले, "आमच्या दोघांच्या गाड्यांना एकाच दिवशी टायर घातले. तुझे बाबा म्हणाले, घ्यायचे तर परफॉर्मन्स. मी म्हटलं, चाळीसने जाणाऱ्या माणसाला ते कशाला? साधे टूरिंग घ्या, जन्मभर टिकतील. ते म्हणाले, नाही टिकणार. मी म्हटलं, लावता पैज? ज्याचे टायर आधी बदलावे लागतील तो हरला."

"आणि हरणाऱ्याने काय द्यायचं?"

"द्यायचं काही नाही. चार लोकांसमोर म्हणायचं, 'तुमचं बरोबर होतं.'" काकांनी वही उघडली. "तुझ्या बाबांना मी हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. त्यांनीही मला नाही. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी नक्षीची खोली मोजायचो, ते लिहायचे. हे बघ."

वहीत दोन रकाने होते. 'मी' आणि 'तुम्ही'. अक्षर बाबांचं, टोकदार, उजवीकडे झुकलेलं. धाकटीने ते वाचलं नाही, नुसतं पाहिलं. शेवटच्या चार ओळी मात्र वेगळ्या अक्षरात होत्या, मोत्यासारख्या बारीक.

"काका, हे चार महिने..."

"मीच मोजतो, मीच लिहितो. प्रयोग मधे सोडत नाहीत."

"तरीच!" आई म्हणाली. "रविवारी सकाळी गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. पहिल्यांदा मी ओरडणारच होते. मग चप्पल ओळखली. म्हटलं, असेल काही."

"तुला माहीत होतं?"

"पाय माहीत होते. प्रयोग नव्हता माहीत."

"या महिन्यात सहा पूर्णांक आठ मिलिमीटर," काका म्हणाले. "नवा टायर आठचा. तो तपासनीस कशावर नापास करतो?"

धाकटीने घडी घातलेला कागद पुढे केला. काकांनी तो उघडलाही नाही. "चौदा ना? हल्ली ते सगळ्यांना चौदाच..." असं म्हणून ते एकदम खोकले आणि पाणी मागितलं. धाकटी पाणी आणायला उठली. काहीतरी खटकलं खरं तिला, पण त्या आठवड्यात तिला इतकं काही खटकत होतं की हे खटकणं त्या ढिगात कुठेतरी पडून राहिलं.

"काका, शनिवारी अकराच्या आत टायर बसले नाहीत, तर गाडीच जाणार. गाडीबरोबर प्रयोगही जाईल."

काकांनी आईकडे पाहिलं. आईने अभ्र्याच्या घडीकडे पाहिलं.

"मग शेवटचं मोजमाप मी दुकानात घेईन," काका शेवटी म्हणाले. "साक्षीदारांसमोर."

शुक्रवारी सकाळी तिघं निघाली. काका सवयीने पुढच्या सीटवर बसले, मांडीवर व्हर्निअर घेऊन. आई मागे. धाकटी पाठ टेकून, मान उंचावून, पायाच्या बोटांनी गाडी चालवत होती. टायरचं दुकान दोन किलोमीटरवर होतं. लांबट, रबराच्या वासाचं दालन, भिंतीभर टायरांचे मनोरे, कोपऱ्यात हवेचा पंप. दुकानाच्या मालकीण निळा अंगरखा घालून एका चाकाशी झटापट करत होत्या. त्यांना सगळे टायरवाल्या बाईच म्हणत.

गाडी पाहून त्यांनी हात पुसले. "ही अजून आहे? आणि हे काकाही! दुसरे उंच काका कुठेत?"

"चार महिने झाले," काका म्हणाले. टायरवाल्या बाईंना कळलं. त्या "अरेरे" एवढंच म्हणाल्या आणि गाडीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी अंगठ्याने टायर दाबला, नखाने नक्षीची खाच उघडून आत पाहिलं आणि मग ती लंबगोल चौकट शोधली.

"बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" धाकटीने विचारलं.

"लिहिलंय की. हे चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची जन्मतारीख."

म्हणजे तिचा पृष्ठक्रमांक. अकरा पानांच्या वहीत तिने तो तीनदा उतरवला होता.

"हे बघा इथे." खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं होतं. "रबर आहे हो, दगड नाही. चालवा नाहीतर झाकून ठेवा, वय होतंच. तपासनिसाने चौदा लिहिलं असेल ना? चौदा म्हणजे वय. नवा नियम आलाय, छापील यादी अजून जुनीच आहे. हे टायर झिजले नाहीत, ताई. म्हातारे झालेत."

धाकटीच्या डोक्यात ती गळलेली ओळ जागेवर येऊन बसली. नक्षी पास, टायर नापास. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला.

"बारा वर्षांत झिजले कसे नाहीत?"

"गाडी चालवली तर झिजतील! मीटर किती आहे?"

"एकेचाळीस हजार," काकांनी आत न बघता सांगितलं.

"आणि टायर घातले तेव्हा?"

काकांनी वही उघडली. पहिलं पान. "चौतीस."

"बारा वर्षांत सात हजार किलोमीटर," टायरवाल्या बाई हसू दाबत म्हणाल्या. "मला आता आठवलं. हे दोघं दर महिन्याला हवा भरायला यायचे. पायी! गाडी कशाला आणायची, उगाच दोन किलोमीटरची झीज, म्हणून माझा पंप उचलून घरी न्यायचे. एक जण एका बाजूने धरायचा, दुसरा दुसऱ्या बाजूने. आणि रस्ताभर भांडत जायचे."

काका ताठ उभे राहिले. "याचा अर्थ ते फसवत होते! प्रयोगाची अट होती की गाडी नेहमीसारखी वापरायची. मी रोज सकाळी बसथांब्यावर गेलो की हे आधीच तिथे उभे. म्हणायचे, आज जरा पाय मोकळे करावेत म्हटलं. बारा वर्षं! आज जरा पाय मोकळे!"

"आणि तुम्ही तिथे कशाला जायचात, भाऊजी?" आईने विचारलं.

काकांनी वहीचं पान उलटलं.

"तुमच्या गाडीचं मीटर किती आहे?"

"माझी गाडी... माझी गोष्ट निराळी आहे, वहिनी."

"तुमचेही त्याच दिवशी बसवलेले ना?" टायरवाल्या बाई म्हणाल्या. "आणा की एकदा, बघते."

"माझे ठीक आहेत," काका म्हणाले आणि घाईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चाळीस वर्षं घड्याळात डोकं घातलेल्या माणसाला वेळ बघायला एवढा वेळ लागू नये, असं धाकटीला वाटून गेलं.

आई पत्र्याच्या खुर्चीवर बसली होती. तिचं लक्ष कोणाकडे नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "तीन वर्षं फिरवलं आणि मग एकदम बंद," ती स्वतःशीच म्हणाली. "तेव्हाच टायर घातले. बरोबर. मला वाटलं..." तिने पदर सारखा केला. "मला वाटलं, माझाच कंटाळा आला. आणि हा मेला टायर होता होय!"

मग ती हसली. आधी थोडं, मग इतकं की टायरवाल्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं. धाकटीही हसली. आईचं हे हसणं चार महिन्यांत घरात ऐकू आलं नव्हतं आणि ते असं, रबराच्या वासात, पंपाच्या शेजारी ऐकू यावं, हे तिला नीटसं समजलं नाही. पण ती आता न समजण्याला सरावली होती.

"बरं, नवे कोणते घालायचे?" टायरवाल्या बाईंनी विचारलं.

धाकटीने वही काढली. "मी थोडा अभ्यास केलाय. तर यात पहिला प्रश्न असा की ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा यांचं प्रमाण..."

"थांब गं," आई म्हणाली. ती टायरवाल्या बाईंकडे वळली. "माझी बहीण डोंगरापलीकडे राहते. खाली ऊन असतं, वर चढलं की पाऊस, सकाळी गारठा. वळणं फार. ही हळू चालवते पण घाबरते. आणि मला आता वरचेवर जायचंय. कोणते देता?"

"हे," टायरवाल्या बाईंनी मागच्या मनोऱ्यावर हात ठेवला. "ऑल सीझन परफॉर्मन्स."

"परफॉर्मन्स?" धाकटी आणि काका एकदमच म्हणाले.

"लोकांना वाटतं, परफॉर्मन्स म्हणजे नुसतं पळणं. पळायला कोणताही टायर पळतो. ओल्या वळणावर धरून राहणं आणि वेळेवर थांबणं, खरं काम ते. टूरिंग जरा जास्त टिकतो. पण डोंगरात जायचं तर हाच."

"म्हणजे हिचे बाबा..." काका पुटपुटले.

"उंच काका? त्यांनी तेव्हाही हेच सांगितलं होतं. म्हणाले, बायकोला बहिणीकडे न्यायचंय, घाट आहे." टायरवाल्या बाईंनी पहिल्या चाकाचे नट सैल करायला घेतले. "मग नेलं की नाही, ते कुठे मला माहीत!"

आईने पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला. काकांनी शेवटचं मोजमाप घेतलं, वहीत लिहिलं आणि वही काखेत मारली.

टायर बसायला तासभर लागला. निघताना टायरवाल्या बाई खिडकीशी वाकल्या. "ताई, एक सांगू? टायर थांबायला तयार आहेत. पण तुमचा पाय ब्रेकपर्यंत पोचला तर! सीट पुढे घ्या की."

"खटका कुठे आहे कोण जाणे."

"सीटच्या खाली. तुमचा हात आहे तिथेच."

धाकटीचा हात खरंच तिथेच होता. तिने खटका ओढला. सीट कुरकुरत चार खाचा पुढे आली आणि 'टक्' असा आवाज करून बसली. रस्ता एकदम मोठा दिसू लागला. दुपारी तपासनिसाने कागदावर शिक्का मारला, "पास. पुढचे कोण?" तिने आज मागे वळून काही विचारलं नाही.

शनिवारी आठ वाजता आई तयार होती. हातात पिशवी, पायात नवे बूट. "सवतीला घेतले, मग मलाही घेतले," तिने खुलासा केला. दादाला फोन करून तिने त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघू लागली.

कोपऱ्यावर बसथांबा होता. पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यांच्यात घड्याळवाले काका. त्यांच्या एका बाजूला एका माणसापुरती जागा रिकामी होती.

"थांबव," आई म्हणाली.

गाडी थांबली. फारच चटकन थांबली. काका चालत आले, पण खिडकीशी न येता बोनेटपाशी उभे राहिले. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला, उलगडला आणि काचेवर ठेवला. धाकटीने तो आतून वाचला. तोच छापील तक्ता, तोच शिक्का. गाडी काकांची. टायर नापास, चारही. कारण क्रमांक १४. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची.

चौदा ना, असं काका कागद न उघडताच का म्हणाले होते, ते तिला आत्ता कळलं. काका केव्हाच हरले होते. हरून पुढचा पहिला रविवार आला तेव्हाही त्यांनी गाडीखाली शिरून मोजलं होतं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

काकांनी घसा खाकरला. थांब्यावरच्या लोकांकडे वळून त्यांनी डोकी मोजली. चार पुरेशी होती, तिथे सहा होती. मग ते गाडीच्या पुढच्या डाव्या टायरकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तुमचं बरोबर होतं."

थांब्यावर एका बाईंनी आपली पिशवी जवळ ओढली. एक म्हातारे गृहस्थ वाकून टायरकडे बघू लागले, तो काय उत्तर देतो ते ऐकायला.

आईने काच खाली केली. "झालं ना? बसा आता."

"कुठे?"

"मागे. पुढे मी आहे."

"मी कशाला, वहिनी? तुम्ही बहिणीकडे..."

"बसमध्ये चार माणसं भेटतात म्हणून बारा वर्षं ऐकलं. गाडीत तीन तरी भेटू देत. आणि दार दोनदा आपटा, एकदा आपटून लागत नाही."

काकांनी दार दोनदा आपटलं. धाकटीने आरसा आपल्या मापाला वळवला. त्यात तिला काकांचा इस्त्रीचा शर्ट आणि मांडीवरची लांबट वही दिसली. तिने गाडी रस्त्याला घातली. पाय पोचत होते, वळणावर टायर धरून होते, आई खिडकीबाहेरची दुकानं मोठ्याने वाचत होती. काटा चाळीसवर आला. मग धाकटीने जरासं धाडस केलं आणि तो पंचेचाळीसवर नेला.

मागच्या सीटवरून काकांचा हात तिच्या खांद्यावर आला.

"हळू घे गं," ते म्हणाले. "टायर झिजतील."